जुनी पेने : मोजा, विचारा, जपा

विद्यार्थ्यांनो, तुम्ही वहीत कशाने लिहिता? बहुतेक जण बॉलपेनाने किंवा जेलपेनाने लिहीत असाल. शाई संपली की ते पेन टाकून देता आणि दुकानातून दुसरे आणता. तुमच्या आजोबांच्या वेळी असे नव्हते. तेव्हा एकच पेन वर्षानुवर्षे चाले. त्यात शाई भरायची आणि ती संपली की पुन्हा भरायची. त्याला फाउंटन पेन किंवा साध्या भाषेत शाईचे पेन म्हणत. अशी पेने आजही कितीतरी घरांत, जुन्या डब्यांत पडून आहेत.

छत्रपती संभाजीनगरात, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेत, गारखेडा भागात पुंडलिकनगर ही वस्ती आहे. मी तेथे राहतो. काही वर्षांपूर्वी आमच्या शेजारचे एक जुने घर पाडून नवे बांधायचे ठरले. जुन्या वह्या, रिकामे डबे, मोडक्या खुर्च्या असे सामान रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढू लागले. त्या सामानात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा होता. घरातली नववीत शिकणारी मुलगी धावत बाहेर आली. तिने तो डबा गाडीवरून उतरवून घेतला आणि माझ्याकडे आणला. डब्यात सात जुनी पेने होती.

"सर, ही पेने किती जुनी आहेत?" तिने विचारले.

मी म्हणालो, "वय सांगणे अवघड आहे. आधी त्यांचा आकार पाहू. मग बाकीचे हळूहळू कळेल."

त्या सात पेनांच्या आधारे मी तिला जे सांगितले, तेच आज तुम्हांलाही सांगणार आहे.

पेनाआधीची लेखणी

शाई, दौत, कलम, कागद हे शब्द तुम्ही उर्दूत रोज वापरता. मराठीतही हे शब्द आहेत. उर्दूतील सियाही ही मराठीत शाई झाली आणि दवातीची दौत झाली. पूर्वी मराठी माणूस बोरूने लिही. बोरू म्हणजे वेताची किंवा बारीक बांबूची, टोक छाटलेली लेखणी. तुमच्या खुशनवीसांचे कलमही असेच असते. मोडी लिपीतील जुने कागद बोरूनेच लिहिलेले आहेत. पुढे लाकडी दांडीला लोखंडी टोक बसवलेला टाक आला. पण बोरू काय किंवा टाक काय, दोन-चार शब्द लिहिले की पुन्हा दौतीत बुडवावा लागे.

लेखणीच्या पोटातच शाई असावी, ही कल्पना फार जुनी आहे. दहाव्या शतकात फातिमी खलिफा अल्-मुइझ्झ याने हात न माखणारी, उलटी केली तरी न गळणारी लेखणी करवून घेतली, असे काझी अन्-नुमान यांनी लिहून ठेवले आहे. आधुनिक काळात न्यूयॉर्कच्या लुइस वॉटरमन यांनी १८८४ मध्ये आपल्या पेनाचे पेटंट घेतले. त्यांच्या पेनात निबेखाली बारीक खाचा असलेली एक पट्टी होती. या पट्टीला जीभ म्हणतात. तिच्या खाचांतून शाई खाली उतरते आणि त्याच वेळी हवा वर चढते. जेवढी हवा आत जाईल तेवढीच शाई बाहेर येते. त्यामुळे शाई भसाभस सांडत नाही. आजचे फाउंटन पेनही याच तत्त्वावर चालते.

आपल्या देशातही पेने होऊ लागली. आंध्र प्रदेशातील राजमहेंद्री येथे के. व्ही. रत्नम यांनी स्वदेशी पेने बनवली. महात्मा गांधींनी १९३५ मध्ये त्यांना पत्र लिहून, हे पेन परदेशी पेनांची जागा चांगली घेऊ शकेल असे मत कळवले. मुंबईत दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि वड्या करण्याचा उद्योग सुरू केला. तोच पुढे कॅम्लिन या नावाने प्रसिद्ध झाला. त्यांची 'कॅमल' शाई महाराष्ट्रातील शाळाशाळांत पोहोचली. विल्सन, एअरमेल अशी भारतीय नावेही जुन्या पेनांवर दिसतात. चीनमधील शांघायच्या हीरो पेनांनाही आपल्याकडे मोठी मागणी असे.

आकार म्हणजे केवळ लांबी नव्हे

त्या मुलीने सातही पेने टेबलावर ओळीने मांडली. "हे मोठे, हे मध्यम आणि ही छोटी," असे ती म्हणाली. नुसत्या नजरेने एवढे कळते. पण नजर फसते. जाड पेन आखूड वाटते आणि बारीक पेन लांब वाटते. म्हणून पेनाची चार मापे घ्यावीत.

पहिले माप टोपण लावलेल्या पेनाच्या लांबीचे. दुसरे टोपण काढल्यावर निबेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंतच्या लांबीचे. तिसरे पेनाच्या जाडीचे. चौथे निबेचे. टोपण मागे खोचून लिहिण्याची सवय असेल तर तशी लांबीही मोजावी. पण जुन्या पेनाचे टोपण मागे जोराने दाबू नये, कारण त्याची कड तडकते.

लांबी मोजण्याची सोपी रीत अशी. टेबलावर मोजपट्टी ठेवा. तिच्या शून्याच्या खुणेवर लाकडाचा एक सपाट ठोकळा उभा करा. पेनाचे एक टोक त्याला टेकवा. दुसऱ्या टोकाला दुसरा ठोकळा हलकेच लावा. दोन ठोकळ्यांमधले अंतर म्हणजे पेनाची लांबी. टोपण नसताना मोजायचे असेल तर निबेचे टोक ठोकळ्यावर दाबू नका, नुसते जवळ आणा. निब वाकली तर पेन निकामी होते.

जाडी मोजायला शाळेच्या प्रयोगशाळेतील व्हर्नियर कॅलिपर उत्तम. तो नसेल तर कागदाची अरुंद पट्टी पेनाच्या सर्वांत जाड भागाभोवती एकदा गुंडाळा. पट्टी जेथे पुन्हा भेटते तेथे खूण करा. पट्टी सरळ करून खुणेपर्यंतची लांबी मोजा. हा झाला परीघ. त्याला ३.१४ ने भागले की व्यास मिळतो. आमच्या डब्यातील सर्वांत मोठ्या काळ्या पेनाचा परीघ ४७ मिलिमीटर आला, म्हणजे जाडी सुमारे १५ मिलिमीटर. दुसऱ्या एका पेनाचा परीघ ३८ मिलिमीटर होता, म्हणजे जाडी सुमारे १२ मिलिमीटर. गणिताच्या तासाला शिकलेले सूत्र असे घरी कामाला येते.

आम्ही आमच्या सोयीसाठी लांबीचे चार गट केले. टोपणासह १२ सेंटिमीटरपेक्षा कमी ते लहान, १२ ते १३.५ मध्यम, १३.५ ते १५ मोठे आणि १५ च्या पुढचे फार मोठे. डब्यातील काळे पेन १५.२ सेंटिमीटर भरले. सर्वांत छोटे, टोपणाच्या टोकावर कडी असलेले लाल पेन १० सेंटिमीटर होते. अशी कडी साखळीत किंवा गोफात अडकवण्यासाठी असे. म्हणजे ते पेन खिशात लावण्याचे नव्हते. नुसत्या कडीवरून आणि लांबीवरून आपल्याला एवढे कळले.

एकच नाव, वेगवेगळी मापे

पेनावरचे नाव वाचले की ओळख पटली, असे समजू नका. एकाच नावाची पेने अनेक मापांत मिळत. अमेरिकेतील पार्कर कंपनीचे 'ड्युओफोल्ड' हे पेन १९२१ मध्ये बाजारात आले. त्याचा रंग लाल होता. त्याचा मोठा प्रकार 'सीनियर' सुमारे १४ सेंटिमीटर लांब होता. 'ज्युनियर' सुमारे ११.५ सेंटिमीटर होता. 'लेडी' या प्रकाराची लांबी ज्युनियरइतकीच, पण अंग बारीक होते आणि टोकाला कडी होती. आता विचार करा. ज्युनियर आणि लेडी यांची फक्त लांबी लिहिली तर फरक कळेल का? कळणार नाही. म्हणून जाडीही लिहिली पाहिजे.

दुसरे उदाहरण 'पार्कर ५१' या पेनाचे. हे पेन १९४१ मध्ये विक्रीला आले. त्याची निब जवळजवळ पूर्ण झाकलेली असते, फक्त टोक बाहेर दिसते. त्याचाच 'डेमी' नावाचा लहान प्रकार सुमारे एक सेंटिमीटरने आखूड आहे. दोन्ही शेजारी ठेवली तरच हा फरक लक्षात येतो. एकच पेन समोर असेल तर मोजपट्टीशिवाय इलाज नाही.

काही हीरो पेनांची निबही अशीच झाकलेली असते. म्हणून झाकलेली निब दिसली की लगेच 'पार्कर' म्हणू नये. टोपणाच्या कडेवर, नळीवर आणि क्लिपवर कोरलेली अक्षरे भिंगातून वाचावीत. उजेड एका बाजूने पडू द्यावा, म्हणजे पुसट अक्षरेही दिसतात. साधारण १९३० च्या दशकाच्या मध्यापासून १९५० पर्यंतच्या अनेक पार्कर पेनांच्या नळीवर एक बारीक अंक असतो. तो वर्षाचा शेवटचा अंक असतो. पण ७ हा अंक १९३७ चाही असेल आणि १९४७ चाही. मग पेनाचा प्रकार आणि माप पाहून त्यांतले खरे वर्ष ठरवावे लागते.

निबेचे माप

निबेला दोन मापे असतात आणि नवशिका माणूस नेमका येथेच गोंधळतो. एक माप निबेच्या अंगाचे, म्हणजे ती केवढी लांब-रुंद आहे याचे. दुसरे तिच्या टोकाचे, म्हणजे रेघ किती जाड येते याचे. मोठ्या निबेचे टोक बारीक असू शकते आणि छोट्या निबेचे टोक जाड असू शकते.

निबेवर कधी कधी आकडा असतो. पण प्रत्येक कंपनीची आकड्यांची पद्धत वेगळी होती. एका कंपनीची ५ क्रमांकाची निब दुसऱ्या कंपनीच्या ५ क्रमांकाएवढी असेलच असे नाही. म्हणून आकडा लिहून घ्यावा आणि जेवढी निब बाहेर दिसते तेवढी मिलिमीटरमध्येही मोजावी. '१४' आणि त्यापुढे कॅरटची खूण असेल तर निब सोन्याची असू शकते. मात्र नुसती पिवळी निब म्हणजे सोन्याची निब नव्हे. पोलादी निबेवर सोन्याचा मुलामाही देत असत.

टोकाचे माप तुम्हांला लवकर समजेल, कारण खुशनवीसीत हेच माप मुख्य असते. बगदादचे वजीर इब्न मुक्ला हे थोर खुशनवीस होते. त्यांचे निधन ९४० मध्ये झाले. त्यांनी कलमाच्या टोकाने उमटलेला ठिपका, म्हणजे नुक्ता, हेच माप धरले आणि अलिफ किती नुक्त्यांचा असावा हे ठरवले. आजही नस्तालीक शिकवणारे उस्ताद अक्षराची लांबी 'क़त' या मापात सांगतात. कलमाचे टोक बदलले की अक्षराचा आकारही बदलतो. हीच गोष्ट निबेलाही लागू आहे.

रेघेची जाडी मोजायची एक युक्ती आहे. आपल्या वहीच्या कागदावर एकमेकींना चिकटून दहा आडव्या रेघा ओढा. मध्ये पांढरी जागा सोडू नका. सगळ्यांची मिळून रुंदी मोजा आणि दहाने भागा. रुंदी ६ मिलिमीटर आली तर एक रेघ ०.६ मिलिमीटरची झाली. बारीक निबेची रेघ साधारण अर्धा मिलिमीटर असते, तर जाड निबेची एक मिलिमीटरच्या जवळ जाते. प्रत्येक पेनासाठी एकच कागद आणि एकच शाई वापरा. कागद बदलला की शाई कमी-जास्त पसरते आणि माप चुकते.

या मापाचा उपयोग रोजच्या लिहिण्यातही आहे. मराठी आपण डावीकडून उजवीकडे लिहितो. हात पुढे जातो आणि ओली अक्षरे मागे राहतात. उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. उजव्या हाताने लिहिताना ओली अक्षरे हाताच्याच बाजूला येतात. जाड निब जास्त शाई सोडते आणि ती सुकायला वेळ लागतो. हात ओळीच्या खाली धरला नाही तर बाही माखलीच म्हणून समजा! पूर्वीची माणसे जवळ टीपकागद ठेवत, त्याचे हे एक कारण होते.

पोटात शाई किती?

मोठे पेन नेहमी जास्त शाई घेते का? नेहमी नाही. शाई भरण्याची रीत कोणती, यावर ते अवलंबून असते.

सर्वांत साध्या पेनात नळी उघडून ड्रॉपरने थेट शाई भरतात. अशा पेनाचे सगळे पोट शाईलाच असते. दुसऱ्या प्रकारात नळीच्या आत रबराची पिशवी असते. बाहेरची छोटी दांडी उचलली की पिशवी दबते, सोडली की ती फुगते आणि शाई ओढून घेते. अमेरिकेतील वॉल्टर शेफर यांनी १९०८ मध्ये अशा दांडीचे पेटंट घेतले. तिसऱ्या प्रकारात मागची घुंडी फिरवून दट्ट्या वर-खाली करतात. पिशवी, दांडी किंवा दट्ट्या यांना जागा लागते. म्हणून तेवढ्याच लांबीच्या ड्रॉपरच्या पेनापेक्षा त्यांत शाई कमी मावते. ड्रॉपरच्या पेनात साधे पाणी थेंब मोजत भरून तुम्हांला हे पाहता येईल. साधारण २० थेंबांचे १ मिलिलिटर होते.

ड्रॉपरच्या पेनाची एक खोडही आहे. शाई थोडी उरली की पोटात हवा जास्त असते. हाताच्या उबेने ती हवा प्रसरण पावते आणि शाईला बाहेर ढकलते. मग नेमका स्वच्छ पानावर मोठा डाग पडतो. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात हे जास्त जाणवते. म्हणून शाई तळाला जाण्याआधीच असे पेन भरावे. जाड भिंतीच्या पेनात हाताची ऊब हळू पोहोचते. मोठ्या, जाड पेनांचा हा एक फायदा आहे.

माझी चूक

आता एक गोष्ट सांगतो. ती सांगताना मला आजही वाईट वाटते.

माझे वडील कचेरीत कारकून होते. त्यांचे एक काळे, जाड पेन होते. ते कोणाच्या हाती देत नसत. "दुसऱ्याच्या हाताने निब बिघडते," असे ते म्हणत. निबेच्या टोकाचा कठीण धातूही वर्षानुवर्षे घासून थोडा झिजतो, आणि लिहिणाऱ्याच्या हाताच्या कलाप्रमाणे झिजतो. म्हणून त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. त्यांच्या निधनानंतर ते पेन मला मिळाले. आत शाई वाळून घट्ट झाली होती. मी उत्साहाने भांडेभर गरम पाणी घेतले आणि पेन त्यात रात्रभर बुडवून ठेवले. सकाळी पाहतो तो काय! काळे कुळकुळीत पेन मळकट तपकिरी झाले होते. नळीवर पुसट अक्षरे होती, तीही मी फडक्याने घासून घालवली. ती मी आधी वाचून ठेवली नव्हती. पेन कोणत्या गावचे, कोणी दिलेले, हे मी वडिलांना कधी विचारलेही नव्हते. आता विचारणार कोणाला?

ते पेन एबोनाइटचे होते. रबरात गंधक मिसळून ते तापवले की एबोनाइट हा कठीण पदार्थ तयार होतो. गरम पाण्याने आणि उन्हाने त्याचा रंग उडतो. बोटाने जोराने चोळले की त्याला रबरासारखा वास येतो. त्यावरून ते ओळखता येते. काही जुनी पेने सेल्युलॉइडची असतात. त्यांना कापरासारखा वास येतो आणि ती चटकन पेट घेतात. म्हणून तापलेल्या सुईने पेनाची परीक्षा कधीही करू नका.

जुने पेन साफ करायचे तर साधे, थंड पाणी घ्या. फक्त निबेचा भाग थोडा वेळ पाण्यात धरा, पाणी बदला आणि पुन्हा धरा. बाहेरून ओल्या मऊ कापडाने पुसा आणि सावलीत सुकवा. स्पिरिट लावू नका. टोपण किंवा दांडी अडकली असेल तर ताकद लावू नका. आतली जुनी पिशवी दगडासारखी कडक झालेली असते. जोर केला की दांडी मोडते. असे पेन जाणकाराकडेच न्यावे.

माझ्या चुकीतून मी एक नियम शिकलो : आधी नोंद, मग सफाई.

संग्रह आणि नोंदवही

मी हा नियम त्या मुलीला सांगितला. तिने पेनांना पाणी लावले नाही. आधी एक वही घेतली आणि प्रत्येक पेनाला एक पान दिले. पानावर असे लिहिले : क्रमांक, नाव व कोरलेली अक्षरे, टोपणासह लांबी, टोपणाशिवाय लांबी, जाडी, निब, रेघेची जाडी, शाई भरण्याची रीत, रंग, मोडतोड, कोठून मिळाले आणि शेवटी, कोणाचे होते. पेनावर चिकटपट्टी लावली नाही. क्रमांकाची चिठ्ठी दोऱ्याने बांधली.

मापे घेताना एक गंमत झाली. एका पेनाचे टोपण दोन आट्यांतच अडकत होते. उन्हात पाहिले तर नळी काळी आणि टोपण गडद निळे होते. म्हणजे टोपण दुसऱ्याच पेनाचे होते! जुन्या पेनांत असे नेहमी आढळते. तुम्ही कधी वडीलधाऱ्यांबरोबर रविवारी जाफरगेटच्या आठवडी बाजारात गेलात आणि जुन्या सामानात पेन दिसले, तर आधी टोपण फिरवून पाहा, रंग उजेडात जुळवा आणि निबेचे टोक शाबूत आहे का ते बघा. प्रसिद्ध नाव पाहून जास्त पैसे देऊ नका. जुने ते सगळेच मौल्यवान नसते आणि खोट्या नावाची पेनेही असतात. सुरुवात घरापासून करावी, म्हणजे पैसाही लागत नाही.

शेवटचा रकाना मात्र मोजपट्टीने भरता येत नाही. तो भरण्यासाठी ती मुलगी वही घेऊन दादाजानजवळ, म्हणजे आपल्या आजोबांजवळ जाऊन बसली. त्यांचे वय ऐंशीच्या पुढे होते. ते फारसे बोलत नसत. पण काळे पेन हातात घेताच ते सरळ बसले. "हे माझ्या अब्बांचे. हैदराबादेहून आणले होते. यानेच ते उर्दूत अर्ज लिहून देत. लोक दारात रांग लावत," असे ते म्हणाले. आपला मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता आणि तेथे सरकारी कामकाज उर्दूत चाले, हे तुम्ही इतिहासात वाचले असेल. याच शहरात राहून बाबा-ए-उर्दू मौलवी अब्दुल हक यांनी १९२१ मध्ये 'उर्दू' हे त्रैमासिक सुरू केले. त्या काळी लेख असो की अर्ज, सारे आधी हातानेच लिहावे लागे.

दादाजानना सातांपैकी चार पेनांची माहिती सांगता आली. लाल कडीवाले पेन त्यांच्या बहिणीचे निघाले. ती त्या घरातली शाळेत जाणारी पहिली मुलगी. उरलेल्या तीन पेनांकडे ते बराच वेळ पाहत राहिले आणि म्हणाले, "यांचे सांगणारे आता कोणी नाही." त्या तीन पानांवर मापे आहेत, पण शेवटचा रकाना कोरा आहे.

तुम्ही पुण्याचे राजा दिनकर केळकर संग्रहालय पाहिले आहे का? कवी दिनकर गंगाधर केळकर यांनी सुमारे १९२० पासून गावोगाव फिरून दिवे, अडकित्ते, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू जमवल्या. लहानपणीच वारलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव त्यांनी त्या संग्रहाला दिले. सुमारे २० हजार वस्तूंचा तो संग्रह त्यांनी पुढे महाराष्ट्र शासनाला दिला. त्या वस्तूंपैकी पुष्कळ एके काळी लोकांना अडगळ वाटत होत्या. कोणीतरी त्या वेळेवर उचलून ठेवल्या, म्हणून आज आपण त्या पाहू शकतो.

पुढच्या वर्षी दादाजान अल्लाला प्यारे झाले. नवे घर आता उभे राहिले आहे. त्या घरातील कपाटात बिस्किटांचा तोच डबा आहे आणि त्यावर ती वही आहे. वहीच्या पहिल्या पानावर लिहिले आहे : लांबी १५.२ सेंटिमीटर, जाडी १५ मिलिमीटर, ड्रॉपरचे पेन, पणजोबांचे. त्याखाली दादाजानचे शब्द आहेत. ते तिने त्याच पेनाने उर्दूत लिहून घेतले आहेत.

विद्यार्थ्यांनो, पेन पन्नास वर्षे पडून राहिले तरी टिकते. त्याचे माप तुम्ही दहा वर्षांनीही घेऊ शकाल. पण ते कोणाचे, हे सांगणारा माणूस तोपर्यंत असेलच असे नाही. म्हणून आज घरी गेलात की जुना डबा उघडा, मोजपट्टी घ्या आणि वडीलधाऱ्यांजवळ जाऊन बसा.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) पेनाची कोणती चार मापे घ्यावीत?
(आ) निबेखालच्या जिभेचे काम कोणते?
(इ) एबोनाइटचे पेन गरम पाण्यात का ठेवू नये?

२. कारणे लिहा.
(अ) पेनावरचे नाव वाचले तरी त्याची पूर्ण ओळख पटत नाही.
(आ) ड्रॉपरच्या पेनातील शाई संपत आली की डाग पडतो.
(इ) तीन पेनांच्या पानांवरील शेवटचा रकाना कोरा राहिला.

३. एका पेनाचा परीघ ४४ मिलिमीटर आहे. त्याची जाडी काढा.

४. उर्दू आणि मराठी या दोन्ही भाषांत आढळणारे, लिहिण्याशी संबंध असलेले पाच शब्द लिहा.

५. उपक्रम : घरातील किंवा शेजारील एका जुन्या पेनाची मापे घ्या. त्याची माहिती वडीलधाऱ्यांना विचारा आणि दहा ओळी मराठीत लिहा.